गणपूर्तीअभावी

दीक्षितपुरा, जबलपूर
मे महिना, रविवार

प्रिय नीलकंठराव,

नमस्कार. साष्टांग लिहायची आपली जुनी पद्धत, पण तेवढे गुडघे आता राहिले नाहीत, तेव्हा हा उभ्यानेच केलेला स्वीकारावा. तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? चि. ऋचा आणि जावईबापू मजेत असतील. बंगळुरात मे महिन्यातही रात्री पांघरूण लागतं, असं तुम्ही मागे फोनवर म्हणालात. अशा गोष्टी जबलपूरच्या माणसाला या दिवसांत सांगू नयेत. इथे कूलरमध्ये ओतलेलं पाणीसुद्धा घामासारखं दिसतं. बाकी माझी प्रकृती ठीक. रक्तातली साखर तेवढी डॉक्टरांना आवडत नाही (मला आवडते).

यंदाचा फुटबॉलचा सीझन मंडळात कसा झाला, असं तुम्ही विचारलं होतंत. एका वाक्यात सांगायचं तर पहिला अर्धा तास सोडून चांगला झाला. पण हे एका वाक्यात कळण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाळीत तुम्ही लेकीकडे कायमचे गेलात, तेव्हा फेडरेशन आणि आयोजकांच्या भांडणात देशातली ही सगळ्यात मोठी लीग यंदा होणार की नाही हेच ठरत नव्हतं. भाऊराव रोज वाचनालयात येऊन पेपरचं खेळाचं पान आधी उघडायचे आणि घडी घालत म्हणायचे, "अजून भांडूनच राहिले." त्यांना दम लागतो हे तुम्ही पाहिलंच होतंत. पुढे डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय असं निदान केलं (विनताताई म्हणाल्या, स्वभावावरून तरी वाटत नव्हतं). त्यावर भाऊरावांचं म्हणणं एकच, की हा एक सीझन पुरा पाहायचा, मग काय व्हायचं ते होवो. कोलकात्याजवळ ईशापूरच्या बंदुकांच्या कारखान्यात असताना कोलकात्याच्या संघाचं जे वेड लागलं, ते बदली होऊन इथल्या गन कॅरेज कारखान्यात आले तरी सुटलं नाही. घरच्या टीव्हीवर सुनेच्या मालिका, त्यामुळे फुटबॉल पाहायचा तो मंडळाच्या हॉलमध्येच. फेब्रुवारीत एकदाची लीग सुरू झाली, तीही आखूड, प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार. भाऊराव म्हणाले, "बरं झालं. माझ्या मापाची आहे."

आणि नेमका त्याच आठवड्यात आपल्या सेक्रेटरीने, म्हणजे चि. अनुपमने, कार्यकारिणीत ठराव आणला की पाचांहून कमी सभासद असतील तर हॉलचा टीव्ही आणि कूलर लावायचा नाही. हॉल मोकळा राहिला तर तिथे पूर्णिमाचा, म्हणजे त्याच्याच बायकोचा, झुम्बाचा क्लास भरेल. (झुम्बा म्हणजे काय ते मी दारातून पाहिलं आहे. तो मंगळागौरीचाच प्रकार आहे, फक्त त्यात कुणी उखाणा घेत नाही.) अनुपम मुलगा वाईट नाही. मला म्हणाला, "काका, तुम्ही चारच जण बसता, लाइटचं बिल किती येऊन राहिलं. अब मैं क्या करूँ, रूल तो रूल है." चार म्हणजे भाऊराव, रामकृष्ण, विनताताई आणि मी. पाचवे तुम्ही, ते बंगळुरात पांघरूण घेऊन.

पाचवा माणूस मिळवण्यासाठी आम्ही फार खटपटी केल्या. रामकृष्णांनी सिहोऱ्याहून आपल्या व्याह्यांना आणून रीतसर सभासद केलं. गृहस्थ आले, खोव्याची जलेबी खाल्ली आणि शिट्टी वाजायच्या आत झोपले. अनुपम म्हणाला, झोपलेला माणूस प्रेझेंट धरता येत नाही. विनताताई ताटात मझौलीचे मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काहून? आमसभेत अर्धे झोपलेलेच असतात, तेव्हा बरे मोजतो तू." त्या दिवशी टीव्ही चालला. पण पुढच्या वेळी व्याही आलेच नाहीत. झोपायचंच तर घरी गादी आहे, असा त्यांनी निरोप पाठवला.

शेवटी मार्ग भाऊरावांनीच काढला. आपल्या घटनेतलं ते कलम तुम्हाला आठवत असेल, प्रत्येक आमसभेच्या नोटिशीखाली छापतो ते: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. भाऊराव अनुपमला म्हणाले, "पाच नाहीत ना? मग तहकूब कर." अनुपमने फार विचार केला. मराठी त्याला कळते, पण एवढी नाही. पूर्णिमालाही फोन लावून पाहिला. कलमात खोट सापडेना.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याला तोच क्रम. साडेसाताला तिकडे शिट्टी वाजायची, इकडे भाऊराव खुर्चीवरून सभा तहकूब झाल्याचं जाहीर करायचे, मी सूचक, रामकृष्ण अनुमोदक (त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते विनताताईंनी कोपराने ढोसल्यावर अनुमोदन देत). मग अर्धा तास आम्ही बंद टीव्हीसमोर बसायचो. मोबाइलवर स्कोअर पाहायलाही बंदी होती. भाऊरावांच्या मते मोबाइल पाहणं हेही सभेचं कामकाज, आणि त्याला गणपूर्ती हवीच. त्याऐवजी ते स्वतःच सामना सांगायचे. चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला, कोण घसरलं, पंच कसा आंधळा आहे, सगळं त्या काळ्या पडद्याकडे बोट दाखवून. त्यात कधी ईशापूरच्या कारखान्याच्या टीममधले पन्नास वर्षांपूर्वीचे दोघे-तिघेही खेळून जायचे. बोलताना त्यांना दम लागत नसे. तीस मिनिटांनी अनुपम टीव्ही लावायचा आणि आपण एका गोलने मागे आहोत असं दिसायचं. भाऊराव म्हणायचे, "पाहा, आपण पाहत नव्हतो तोवर कसे चांगले खेळून राहिले होते." कोलकात्याचा संघ आमच्या हॉलमध्ये पहिल्या अर्ध्या तासात एकदाही हरला नाही.

पाडव्यानंतर भाऊराव गेले. घरीच, दुपारचं जेवण झाल्यावर. फोनवर मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं, पुढचं बोलवलं नाही. सीझन निम्मासुद्धा झाला नव्हता.

शोकसभा शनिवारी सात वाजता हॉलमध्ये ठेवली. नीलकंठराव, हॉल भरला. खुर्च्या पुरल्या नाहीत, दत्तमंदिरातून सतरंज्या आणल्या. ज्यांना सीझन सुरू झाल्यापासून एका पाचव्या खुर्चीसाठी विनवलं, ते सगळे आले. अनुपमने मराठीत भाषण केलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, तेच त्याच्या डोक्यात, त्यामुळे तो म्हणाला, "भाऊरावकाकांनी मंडळासाठी आयुष्यभर चेष्टा केली." कुणी हसलं नाही, कारण ते खरंच होतं. दोन मिनिटं शांतता झाली, आणि ती संपता संपता विनताताई आपल्या जागेवरून म्हणाल्या, "अनुपम, मोज."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने खरोखरच बोट दाखवून मोजायला सुरुवात केली, पाचव्या माणसावर थांबला आणि जाऊन टीव्ही लावला. त्या दिवशी कोलकात्याचाच सामना होता. शिट्टीपासून पाहिलेला यंदाचा तो दुसराच. चहा आला, तो पिऊन माणसं एकेक करून उठली, चपला शोधत गेली. कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणाला खात्यातून पैसे गेल्याच्या बँकेच्या मेसेजची काळजी होती. थोड्या वेळात आम्ही तिघेच उरलो. अनुपम रिमोट घेऊन आला, तो टीव्ही बंद करणार असं आम्ही धरून चाललो होतो. तो भाऊरावांची सोडून शेजारची खुर्ची ओढून बसला. नियमाने पाहिलं तर तरीही चारच. कोलकात्यावर लवकरच गोल झाला. पहिल्या अर्ध्या तासात आपला संघ हरतो, हे माझ्या डोळ्यांना पाहवेना. रामकृष्णांनी मोठ्याने विचारलं, "भाऊराव काय म्हणाले?" त्यांना शोकसभा कुणाची हे समजलंच नव्हतं असं नाही. सवय होती.

उरलेले सामने आम्ही नेमाने पाहिले, शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी रीतसर तहकूब करून. अनुपम म्हणाला, "काका, अब छोड़ो रूल, लगेच लावून देतो." आम्ही ऐकलं नाही. तो अर्धा तास आता शांततेत जायचा. मी एकदा भाऊरावांसारखा सामना सांगून पाहिला, पण माझ्या खेळाडूंना पळताच येईना.

असो. गुडघ्याला तेल लावत जा. ऋचाला आशीर्वाद. पत्र लांबलं, पण तुम्हाला तिथे वेळ भरपूर असेल असं धरून चालतो.

तुमचा,
गुणवंत

ता. क. मूळ काम राहिलंच. विनताताईंच्या सूचनेवरून कार्यकारिणीने ठराव केला आहे की बाहेरगावच्या सभासदाने व्हिडिओ कॉलवर हजेरी लावली तर ती धरावी. तेव्हा सामन्याच्या वेळी तुम्ही फोनवर यावं. फुटबॉल पाहण्याची सक्ती नाही, फक्त झोपू नये. तुमचा चेहरा खुर्चीवर टेकवून ठेवू.

ता. क. २. वर पुष्कळ ठिकाणी 'आम्ही' लिहिलं गेलं आहे. शोकसभेनंतर थोड्याच दिवसांत रामकृष्णांना मुलाने नागपूरला नेलं आणि विनताताई लेकीकडे, विभावरीकडे, पुण्याला गेल्या, तिला बाळ झालं आहे. तेव्हा त्यापुढच्या सामन्यांपुरतं 'आम्ही'च्या जागी 'मी' वाचावं. सूचक आणि अनुमोदक एकच असला तर चालेल का, असं मी अनुपमला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, तुम्ही बसा."

ता. क. ३. आणि सीझन आता संपला आहे. पुढचा कधी सुरू होईल ते मला तरी कुणी सांगितलेलं नाही. हॉल पूर्णिमाच्या क्लासला दिला आहे, बाहेरच्या बाकावर मात्र कुणी हरकत घेत नाही. शनिवारी साडेसाताला मी तिथे असतो. फोन केलात तर गणपूर्ती होणार नाही, पण दोघे होऊ.