दादांचा डबा सुनेच्या बसमधून

अंबड
शनिवार, दुपार (दादा जेवून झोपलेत)

तीर्थस्वरूप भागवतराव दाजींना, मेव्हणा कल्याण याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? आक्काच्या गुडघ्याला तेल चालू आहे का? आम्ही इकडं खुशाल आहोत, म्हणजे चौघांपैकी तिघं खुशाल आहोत, चौथ्याचंच सांगायला बसलोय. तुम्ही म्हणाल, हातात फोन असून कल्याणला पत्राची हौस कुठून आली. तर दाजी, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागं मी तुम्हाला एक गुपित सांगून राह्यलो होतो तर तुमच्या शेजारच्या गिरणीवाल्यानं मधीच मला सल्ला दिला. (सल्ला चांगला होता, ती गोष्ट वेगळी.) म्हणून कागद.

तुम्हाला ठावं आहेच, जिनिंग बंद पडल्यापासून मी घर बघतो अन् दैवशाला एसटीत कंडक्टर. दोन वर्षं झाली. आधी लोक विचारायचे, सध्या काय करता, तर मी म्हणायचो, बघून राह्यलो. आता म्हणतो, भाकरी करतो. लोक पावसापाण्याचं बोलायला लागतात. पण खरं सांगू का, मला हे काम जमलंय. सकाळी ती खाकी घालून डेपोत गेली, आकांक्षा शाळेत गेली, की घर कसं निवांत होतं. खिडकीतून ऊन येतं, ज्वारीचं पीठ चाळलं की त्या उन्हात कण कण तरंगत राहतात, अन् मी परातीत हात घालून नुसता बघत बसतो. कुठल्या कुठं जातो. मंग दूध उतू गेल्याचा वास आला की परत येतो. जिनिंगमधी सतरा वर्षं कापूस उडताना बघितला, पण तिथं बघायची मोकळीक नव्हती, शेठ हाका मारायचा.

आता दादांचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं अंबडलाच झालं. डॉक्टर म्हणले, दहा दिवस थेंब टाका, वाकायचं न्हाई, धुळीत जायचं न्हाई. म्हणून दादा आमच्याकडं राह्यले. मी घरी बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी आमचा उंबरा ओलांडला. अन् खाटेवर टेकल्या टेकल्या सांगून टाकलं की या घरचं अन्न मी खाणार न्हाई, सासऱ्यानं सुनेच्या कमाईवर जेवायचं अशी आपल्यात रीत न्हाई. मंग ठरलं की माय रोज गावाहून डबा पाठवणार, दोन्ही वेळचं एकाच डब्यात, संगं आपल्या विहिरीच्या पाण्याचा कॅन. (चहा ते अन्नात धरत न्हाईत. दिवसातून पाच वेळा आमचाच पितात, साखर जास्त.) आता गावाहून सकाळची एसटी एकच, अन् तिच्यावर कंडक्टर कोण, तर दैवशाला. म्हणजे सुनेच्या कमाईचं नको, सुनेच्या हातून आलेलं चालतं. मी हे बोलून दाखवलं न्हाई. दाखवलं असतं तर डबा ट्रॅक्टरवर आला असता.

तिसऱ्या दिवशी माझे सासरे अंगदराव दादांना बघायला आले. माणूस किती रीतीचा ते तुम्ही जाणता. लेकीच्या घरी पाणी पीत न्हाईत. लग्नाला पंधरा वर्षं झाली, येताना आपली बाटली घेऊन येतात अन् जाताना रिकामी घेऊन जातात. मी सवयीनं ताट मांडलंच न्हाई. तर स्वतः होऊन पाटावर बसले. म्हणले, आधी हे घर जावयाच्या कमाईचं होतं, जावयाचं खाणं पाप. आता लेकीच्या कमाईचं आहे, म्हणजे आपलंच झालं, वाढा. तीन भाकरी अन् पिठलं खाल्लं. शेजारी दोन हातांवर दादा काळा चष्मा लावून खाटेवर. अंगदराव बुक्कीनं कांदा फोडायचे अन् इकडं दादांचं नाक हालायचं. रीत दोघांची एकच, पण त्याच रीतीनं एक जण पोटभर जेवला अन् दुसरा डब्याची वाट बघत बसला.

संध्याकाळी दैवशालाला सांगितलं तर ती पोट धरून हसली, अन् हसता हसता रडायला लागली. म्हणली, माझे बाबा पंधरा वर्षांनी का होईना जेवले, मंग दादांनाच माझं काय कडू लागतं? बघा दाजी, ती दिवसभर गाडीत उभी राहून आणती, मी बसून रांधतो, अन् ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली तो माणूस आमच्या घरात परक्यासारखा डबा खातो.

पुढं ऐका. पाचव्या दिवशी मावशीच्या सुनेचं बाळंतपण निघालं अन् माय आदल्या सांजचीच परतूरला गेली. डबा बंद. अन् दादांची गोळी तर जेवल्याशिवाय घ्यायची न्हाई. मंग मी कालचाच डबा घासला, भाकरी, शेंगदाण्याची आमटी अन् ठेचा भरला, मायच्याच फडक्यात बांधला. पण बापाशी खोटं कसं बोलावं? म्हणून डबा घेऊन स्टँडवर गेलो. दैवशालाची गाडी लागली की खिडकीतून तिच्या हातात दिला, तिनं घडीभर मांडीवर धरला अन् खिडकीतूनच मला परत दिला. आता डबा बसमधून आला हे बिलकुल खरं झालं. घरी येऊन म्हणलो, दादा, डबा आला. दादा जेवले, ढेकर दिली अन् म्हणले, आपल्या मातीची चवच निराळी. (ज्वारी आठवडी बाजारातली होती.)

तीन दिवस हेच चालू आहे. काल गाडीला उशीर झाला. मी कडुलिंबाखाली बाकड्यावर बसलो, मांडीवर ऊन ऊन डबा, वारा मंद, अन् डोळा लागला. बघतो तर आपल्या चुलीपाशीच एसटी उभी. आत दोन्ही बाजूंनी पाट मांडलेले, सगळं गाव जेवायला बसलेलं, अन् दैवशाला खाकीत ताटाताटाला तिकीट फाडून राह्यली. दादा दारात आले. ती म्हणली, बसा, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना मोफत. दादा म्हणले, मी उभ्यानंच येतो. गाडी पिठाच्या ढगातून हळूहळू चालली, कुठं ते कुणी विचारीत नव्हतं, अन् दादा दांडा धरून उभेच. मला लई वाईट वाटलं. खरी गाडी आली तेव्हा दैवशालानं हालवून उठवलं.

बाकी ठीक. लेकरांना आशीर्वाद, आक्काला सांगा की तिनं दिलेला तवा अजून टिकून आहे.

तुमचा,
कल्याण

ता. क. आता खरं काम. माय सोमवारी येऊन राह्यली, अन् आल्या आल्या बोलून बसणार की मी तर परतूरला गेल्ते. दादा कुणाचं ऐकत न्हाईत, पण जावयाचा शब्द आजवर खाली पडू दिला न्हाई. तेव्हा उद्याच या, आधी तुम्ही पाटावर बसा अन् त्यांना संगं बसवा. पत्र पोस्टानं पोचायचं न्हाई, तुमच्या मंठ्याच्या गाडीवरच्या कंडक्टरकडं देतो.

ता. क. दुसरं. दाजी, घोटाळा झाला. मला लिहिताना पुटपुटायची खोड आहे. जिनिंगमधी मशीनच्या आवाजात कुणाला कळली न्हाई. दादा झोपलेच नव्हते. खाटेवरून म्हणले, "भागवतरावांला कशाला तरास देतो? तुझी माय आमटीत इतके दाणे टाकीत न्हाई. पहिल्याच दिवशी कळलं मला."

मी पेनाला टोपण लावलं. दादा चष्मा सारखा करून म्हणले, "चाळीस वर्षं मी कमावून आणलं. सांजच्याला घरी आलो तर दमला का, म्हणून कुणी इचारलं न्हाई. तिला इचारीत जा."

मी म्हणलो, विचारतो. (रोज विचारत न्हाई, दाजी. तुमच्यापाशी काय लपवू.)

मंग त्यांनी पाय खाली सोडले, चपला चाचपल्या, अन् म्हणले, "आज ती येऊ दे, तिच्या संगं बसतो. अन् ताटात वाढ. त्या डब्यात सांजपर्यंत गार होतं."