डाव्या स्वरतंतूचे सात आठवडे

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (मान वाकवायची मनाई आहे, तेव्हा तो उभ्यानेच पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? ऑपरेशनचं सविस्तर कळव, असं तू तीनदा सांगितलंस. पण फोनवर बोलायला बंदी होती, म्हणून राहिलं.

थायरॉइडची गाठ काढायचं ठरलं तेव्हा सर्जन म्हणाले की आवाजाची नस त्या ग्रंथीला चिकटूनच जाते, म्हणून स्वरतंतू नीट हलतात का ते आधीही बघायचं आणि नंतरही. मला वाटलं, आता नाकातून नळी घालणार. पंचवीस वर्षं कोर्टात पुकारा करून पोट भरणारा मी. आवाज गेला तर फायली उचलायच्या. पण नळी निघालीच नाही. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी गळ्यावर गार जेली फासली आणि यंत्राचा दांडा टेकवला. काही दिसेना. वय झालं की पुरुषांचा कंठमणी टणक होतो आणि आतलं दिसू देत नाही म्हणे. (आपल्या घरात टणकपणा कुणाकडून आला ते तुला ठाऊक आहेच.) मग त्यांनी दांडा बाजूने तिरका धरला आणि दिसल्या दोन बारीक पट्ट्या, श्वासाबरोबर उघडणाऱ्या, मिटणाऱ्या. "आता 'ई' म्हणा," बाई म्हणाल्या. मी सवयीप्रमाणे म्हटलं. बाहेर बाकावरचे तीन पेशंट उठून उभे राहिले, आणि एक आजोबा आपला नंबर लागला असं समजून आत येऊन शर्टाची बटणं काढू लागले. त्यांची समजूत घालून झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "हळू म्हटलंत तरी चालेल."

ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. पण शुद्धीवर आल्यावर मी बायकोला हाक मारली तर तिने खिडकीकडे पाहिलं. तिला वाटलं, पडदा सळसळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेली. उजवी पट्टी कामाला लागलेली, डावी जागची हलेना. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ताई. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. नस तुटलेली नाही, सर्जननी ती पाहिली आहे, फक्त दुखावली आहे, बहुतेक वेळा भरून येते, असं त्यांनी सांगितलं. बाहेर रांग असताना दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

दोन आठवड्यांनी कामावर गेलो. मी कुजबुजत पुकारा केला, तर वकील कुजबुजू लागले, त्यांचं ऐकून साक्षीदारही. शेवटी न्यायाधीशसाहेबांनी मान पुढे काढून हलक्या आवाजात विचारलं, "आपण सगळे असे का बोलतोय?" कारण कळल्यावर त्यांनी मला नोंदवहीपाशी बसवलं आणि म्हणाले, आवाज येईपर्यंत इथे बस, तुझी जागा तुझीच. (या माणसाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात खडूस म्हणत होतो.)

सातव्या आठवड्यात डावी पट्टी हलली. आधी जराशी, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तशी. मग सरकत जाऊन उजवीला भेटली. मी रडलो. जेली आणि आसवं एक झाली की पुसायला फार कागद लागतो. बाईंनी अख्खा गठ्ठा पुढे केला आणि त्यातला एक स्वतःही घेतला. या लोकांचे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही, म्हणून निदान तुला तरी लिहितोय.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या गळ्याला वर्षभर सूज आहे आणि आवाज जाईल या भीतीने तू कुणाला दाखवत नाहीस, हे मला भाचीकडून कळलंय. येत्या गुरुवारी अकरा वाजता याच दवाखान्यात तुझी वेळ घेतली आहे. बायकांच्या गळ्यात सहसा पटकन दिसतं, असं बाई म्हणाल्या. मी स्टेशनवर घ्यायला येतो.

पुन्हा ता. क. भाचीवर रागावू नकोस, तिने शपथ मोडून सांगितलंय. माझ्यावर राग आला असेल तर फोन कर आणि पोटभर ओरड. आवाज शाबूत आहे तोवर ओरडून घे, असं मी म्हणणार नाही. तो शाबूत राहावा म्हणूनच ये.