आईच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या

महाड,
१० नोव्हेंबर २०२३

चि. हैबती यास दर्शनाताईचे आशीर्वाद.

कुडपणात फोन लागत नाही, म्हणून पत्र. तू मात्र जरा मोठं अक्षर काढ. मागचं पत्र वाचताना तुझ्या भावजींना दोनदा चष्मा पुसावा लागला.

परवा आईला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. अल्झायमरच आहे. मास्क लावून त्यांनी तिला वेगळी हवा दिली आणि मशीनमध्ये मेंदूतलं रक्त पाहिलं. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या त्या हवेने रुंदावतात. आईच्या जेमतेम हलल्या. त्या मोकळ्या करायच्या गोळ्यांचा अभ्यास चालू आहे. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. तीन महिने लागतील, तोवर आई माझ्याकडे. आईला त्यात घ्यायला आपल्या दोघांच्याही सह्या हव्यात, कागद सोबत आहे. मला दुसरी वाट दिसत नाही रे.

रखमावहिनीला आठवण सांग.

तुझी,
ताई


कुडपण,
१९ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सही केली हाय, पण मन होत नाय. आय सगळं इसरली तरी हितं तिच्या पायांना गोठ्याची वाट ठावं होती. महाडात तिनं कुठं जायाचं?

काल रखमानं जेवताना आयचं बी ताट वाढलं. मग तिनंच ते उचललं.

भावजींना नमस्कार. अक्षर मोठं काढलंय.

तुझा,
हैबती


महाड,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. हैबती यास आशीर्वाद.

शेवटची तपासणी झाली. रक्तवाहिन्या आधीपेक्षा बऱ्या रुंदावतात. डॉक्टरांनी चित्र दाखवलं तेव्हा मला आनंदाने रडू आलं. बाहेर आले तर आईने विचारलं, माझी लेक कुठाय?

मी परत आत गेले. डॉक्टर म्हणाले, रक्त पोचतंय, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तू म्हणत होतास, आयला काहीतरी होतंय. म्हातारपण आहे म्हणून मीच तुला गप्प केलं. आता ते वाक्य मला जेवू देत नाही.

रविवारी तिला घेऊन येते. निदान तिचं घर तिला मिळू दे.

तुझी,
ताई


कुडपण,
२० मार्च २०२४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू गेल्यावर चार दिवस वाट बघितली. आयला हितलं कायच वळखू आलं नाय. दारातच बसते. रखमानं हात धरला तर घाबरते.

तू सोताला दोष देऊ नको. मी बी नुसतं बोललो, तिला उचलून डॉक्टरकडं नेली नाय.

काल चहा दिला. तिनं हात जोडले, म्हणाली, "पावणं, लय केलंत माझं. तुमची आय हाय का?"

मी हाय म्हटलं.

"मग हितं काय बसलाव? तिच्यापाशी जावा."

मी तिथंच बसून ऱ्हायलो, ताई. जायाचं कुठं?

आपण दोघं तरी येकमेकांना वळख देत ऱ्हाऊ.

तुझा,
हैबती