वर्ननकडे ठेवलेले पैसे

टिल्डा,
तुला उठवत नाही. समोर वर्ननकडे जाऊन येतो. घरासाठी साठवलेले पैसे आज परत मागणार आहे. "दरमहा व्याज येतंय ना, मग कुरकुर कसली?" असं तूच म्हणायचीस, पण या महिन्याचं आलेलं नाही. लोइसला ओटमील दे.

बूट घातले आणि पुन्हा या चिठ्ठीपाशी आलो. लोइसच्या कॉलेजचे पैसेही मी त्यालाच दिलेत. पावती घेतली नाही. आपल्या चर्चमधल्या माणसाकडे कोणी कागद मागतं का? तुझे बाबाच म्हणाले असते, "जावईबापू, देवमाणसावर संशय घेता?" रागाव, पण मी आल्यावर.

दार उघडलं आणि पुन्हा आत आलो. वर्ननच्या खिडक्यांचे पडदे काढून नेलेत, आत सगळं रिकामं दिसतंय. रस्त्यावर चर्चमधल्या पाच-सहा जणांच्या गाड्या उभ्या आहेत. इंजिनं चालू आहेत, पण खाली कोणीच उतरत नाही. एका गाडीत तुझे बाबा आहेत. मला पाहून त्यांनी मान फिरवली.

वर्ननचा कुत्रा आपल्या पायरीला बांधलेला आहे. शेजारी त्याच्या खाण्याची अख्खी गोणी ठेवलीय.

आर्लन