न्हाणीमागची कळलावी

आये,

तू न्हाणीमागे लावलेल्या कळलावीचा कंद मी सासरी आणला होता. कालपर्यंत वेल कुंपणभर चढलेला होता, लाल-पिवळी फुलं बघायला येणारे-जाणारे थांबायचे. "घरात कळलावी लावू नये, भांडणं लागतात," असं शेजारीण म्हणाली की तुझं बोलणं आठवायचं. "भांडनं मानसं लावत्यात गं, येल काय करंल?" पण कंदाला मला शिवू द्यायची नाहीस. इख हाय ते, म्हणायचीस. जामखेडकडच्या आपल्या वाडीत कुणी बाई अडली की सुईण तुझ्याच दारी यायची. कंद उगाळून तळपायांना लेप द्यायचा आणि मूल बाहेर आलं की लगेच धुऊन काढायचा. नाही धुतला तर तो रक्तही ओढून काढतो, अशी तुम्हा बायकांची समजूत.

मग ते दुष्काळाचं साल. बाप खडी फोडायच्या कामावर, विहिरीत नुसता चिखल. तरी भांडी विसळलेलं पाणी तू त्या वेलाच्या जागी ओतायचीस, आणि मला अस्सा राग यायचा! भर दुपारी तुला कळा सुरू झाल्या आणि थांबल्या. सुईणीनं लेप लावला, मला तांब्याभर पाणी देऊन उंबऱ्याशी बसवलं. "पोर रडलं की पाय धू, येळ लावू नगंस." मी नऊ वर्षांची, सकाळपासून घसा कोरडा. तू आत ओरडत होतीस आणि मी एक घोट घेतला. मग दुसरा. बाळ रडलं तेव्हा तांब्या रिकामा होता. सुईण नाळ कापण्यात गुंतलेली. "धुतलं का गं?" "व्हय," म्हणाले मी. तुझं रक्त काही थांबलं नाही. दिवस मावळायच्या आत तू गेलीस.

ते बाळ जगलं, आये. त्याचीच लेक आज डॉक्टर आहे. दुसऱ्याच कुणा बाईची गोष्ट म्हणून मी तिला विचारलं. "आत्या, लेप धुतला काय, न धुतला काय, रक्त तसंही गेलं असतं," ती म्हणाली. पटलं मला. तरी त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला येतेय. विषाची परीक्षा नको म्हणून आज सकाळी मी वेल मुळासकट उपटला. कंद मात्र टाकवला नाही. फडक्यात बांधून फडताळात ठेवलाय, अडलीच तर असावा म्हणून.