वापरणारीची चूक

१४ जून १९९४

लिहिता येतंय! उजवा हात वाचला. डावा कोपरापर्यंत पट्टीत आहे आणि मान वळवता येत नाही.

परवा रविवारी सकाळी तूरडाळ लावली होती. कुकर नवाच, मे महिन्यात ह्यांच्या कंपनीच्या स्टाफ सेलमधून घेतलेला. कंपनी हेच बनवते, तुर्भ्याला. हे तिथे तपासनीस, बारा वर्षं. तर शिट्टी होईना. गॅस बंद करायला पुढे झाले आणि झाकण उडालं. थेट छताला. उकळती डाळ माझ्या हातावर, मानेवर, भिंतीवर.

प्राची दोन मिनिटं आधी ओट्याला टेकून काकडी खात होती. दोन मिनिटं! बारा वर्षांची पोर, तिचा चेहरा बरोबर कुकरच्या उंचीला येतो. बाकी सगळं विसरेन, हे नाही.

ह्यांनी मला नळाखाली धरलं, रिक्षा आणली, सगळं केलं. दवाखान्यातून आल्यावर मात्र ते झाकण हातात घेऊन बसून राहिले. मी हाक मारली तर दचकले.

१७ जून

फणसळकरसाहेब घरी आले होते. ह्यांच्या खात्याचे मॅनेजर. नवा कोरा कुकर, वर लाल फीत, शिवाय डझनभर मोसंबी.

"वहिनी, तुम्ही तर घरच्या. शिट्टीची नळी साफ ठेवायला हवी हो. डाळ अडकते."

मग खिशातून कागद. "कुकरमध्ये दोष नव्हता, माझी काही तक्रार नाही." खाली माझं नाव टाइप केलेलं. सही तेवढी बाकी!

मी म्हटलं, "साहेब, तुमच्याच पुस्तिकेत आहे. नळी चोंदली तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि वाफ बाहेर सोडतो. माझा वितळला नाही. मग तो शोभेला बसवलाय का?"

साहेब हसले आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी फरशीकडे.

फुटलेला कुकर तपासणीसाठी नेतो म्हणाले. नेऊ दिला, पण पोच लिहून घेतली. नवा परत पाठवला. मोसंबी प्राचीने आधीच सोलायला घेतली होती, ती राहिली.

२ जुलै

पत्र आलं. जाड कागद, वर सोनेरी शिक्का. एक — स्टाफ सेलच्या मालाला गॅरंटी नाही. दोन — त्यामुळे मी "ग्राहक" या व्याख्येत बसत नाही. तीन — अपघात "वापरणाऱ्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे".

ग्राहक नाही! मग कोण? पावती माझ्या नावावर आहे.

वीस वर्षं कुकर लावतेय. माहेरी नऊ माणसांचा लावत होते.

५ जुलै

कालपासून कामावर जातेय. मार्केटच्या मागे आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, तिथे मी टायपिस्ट. शेठनी जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरायला दिली. एका हाताने तक्रार टाइप केली. तीन पानं, दोन दिवस लागले. डावीकडची अक्षरं उजव्या हाताने शोधताना माझाच मला राग येत होता.

किसन पाटीवाला येऊन उभा राहिला. साताऱ्याचा माणूस, गोणी उतरवतो. "ताई, येवढ्या मोठ्या कंपनीशी? आमी भांडतो तर शे-दोनशे जण असतो. तुमी?"

म्हटलं, मी एक.

"मंग जोरात लिवा," म्हणाला.

९ जुलै

ह्यांना दाखवलं. वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"माझी नोकरी आहे तिथे."

"माझा हात आहे इथे."

"घराचा हप्ता आहे, प्राचीची शाळा आहे. तू कुणाशी भांडतेयस ते तरी बघ."

"बघितलं. सोनेरी शिक्का आहे."

जेवण झालं. भात पातेल्यात केला होता, मोकळा झाला.

११ जुलै

ठाणे! ग्राहक मंचात तक्रार दाखल. कारकून म्हणाला, "वकील कुठाय?" म्हटलं, नाही. "मग बोलणार कोण?" म्हटलं, आत्ता कोण बोलतंय?

मागण्या दोनच ठळक लिहिल्या आहेत. निष्काळजीपणाचं वाक्य मागे घ्या. आणि अशी झाकणं दुकानांतून परत घ्या. औषधपाण्याचा खर्च शेवटी, बारीक.

३० जुलै

पट्टी निघाली. हात गुलाबी, आकसलेला. मधली दोन बोटं पूर्ण वळत नाहीत.

वेणूबाई, शिरवण्याहून मासे घेऊन येते ती, हात उलटासुलटा करून बघत बसली. "काय गो बाय, हात भाजला, तोंड त नाय ना भाजला? मंग बोल त्यांना!"

बोलतेच आहे.

२० ऑगस्ट

कंपनीचं उत्तर आलं. अकरा पानं. शेवटी जोडपत्र — माझ्या कुकरचा तपासणी अहवाल. "सेफ्टी व्हॉल्व्ह योग्य स्थितीत. नळीत अन्नकण. वापरातील निष्काळजीपणा."

खाली सही. श्यामसुंदर गजानन वैद्य.

ही सही मी रोज बघते. प्राचीच्या प्रगतिपुस्तकावर असते. दोनदा वाचली, तिसऱ्यांदा उजेडात नेऊन वाचली. ह्यांचीच आहे.

२१ ऑगस्ट

काही विचारलं नाही. काही सांगितलं नाही त्यांनी.

२३ ऑगस्ट

विचारलं. "पुढ्यात ठेवला कागद," म्हणाले. "फणसळकर उभे होते."

"तुम्ही बसला होता ना? पेन तुमच्या हातात होतं ना?"

"जया, मला बारा वर्षं झाली तिथे."

आपल्या लग्नाला चौदा झाली — हे तोंडावर आलं होतं. गिळलं. मी ते बोलले असते तर मला रडू आलं असतं, आणि मला रडायचं नाहीये. मी म्हटलं, "तक्रार मागे घेणार नाही. तुम्हाला इथे राहून ते बघवत नसेल तर आप्पांकडे जाऊन राहा."

आप्पा म्हणजे माझे दीर, कोपरखैरण्याला असतात. हे गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत गादी टाकली.

प्राची विचारते, "बाबा तिकडे का?" म्हटलं, उकडतं त्यांना. पावसाळ्यात!

१९ सप्टेंबर

तारीख. कंपनीचे वकील आजारी. पुढची तारीख. बसचे दोन तास फुकट.

पण एक काम केलं. अर्ज दिला — ज्याने अहवालावर सही केली, त्या माणसाला बोलवा. मला प्रश्न विचारायचे आहेत.

मंचावर तिघं बसतात, त्यांत एक बाई सदस्य आहेत. त्यांनी अर्ज वाचला, आडनाव वाचलं, चष्मा काढला. "हे तुमचे कोण?"

"मिस्टर."

"विचार करून सांगा."

"महिनाभर तोच केलाय, मॅडम."

मंजूर!

१० ऑक्टोबर

समन्स ह्यांना फॅक्टरीत मिळालं. घरी येऊन टेबलावर ठेवलं. "तू मला पिंजऱ्यात उभं करणार?"

"तिथे पिंजरा नाही. खुर्ची असते."

कपाटातून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवला त्यांच्यासाठी. का काढला, माहीत नाही. साक्षीला जाणारा माणूस चुरगळलेला दिसू नये म्हणून असेल.

१७ ऑक्टोबर

सगळं लिहून ठेवते. एकही शब्द विसरायचा नाही.

एकाच बसने गेलो, वेगवेगळ्या सीटवर. फणसळकर आधीच आलेले. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात काहीतरी सांगितलं.

माझी पाळी आली. आयुष्यात ह्यांना नावाने हाक मारलेली नाही, तिथे "साक्षीदार" म्हणायचं होतं.

"हा कुकर तुम्ही फॅक्टरीत तपासला का?"

"नाही."

"मग कुठे बघितलात?"

"घरी. स्वयंपाकघरात. जमिनीवर पडला होता."

कंपनीचे वकील उठले. अध्यक्षांनी त्यांना बसवलं.

"व्हॉल्व्ह वितळला होता?"

"नाही."

"वितळायला हवा होता?"

"हो."

"मग योग्य स्थितीत असं का लिहिलंत?"

"मी लिहिलं नाही. सही केली."

इथे मी थांबणार होते. माझ्या कागदावर एवढेच प्रश्न होते. पण ह्यांनी खाली बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघत होते, जणू अजून काहीतरी विचार म्हणून. मी विचारलं, "असा हा एकच होता का?"

"नाही. एप्रिलच्या लॉटमधल्या झाकणांचे व्हॉल्व्ह वितळत नव्हते. शंभर तपासले, नऊ नापास. मी सगळा लॉट नापास केला होता. रजिस्टरमध्ये आहे. फणसळकरसाहेब म्हणाले, झाकणं भट्टीत गेली, वितळवली."

"मग आमच्या घरी कसं आलं?"

"गेली नव्हती भट्टीत. काही स्टाफ सेलला लावली, बाकीची दुकानांत गेली."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

बाई सदस्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तसाच राहिला.

"बारा जूनला. झाकण उचललं, त्यावर लॉटचा नंबर होता."

बारा जूनला! मी पट्टीत होते तेव्हा. मोसंबी खात होतो तेव्हा. मी एका हाताने टाइप करत होते, तेव्हा हे शेजारी बसून पेपर वाचत होते. चार महिने ह्यांना माहीत होतं!

अध्यक्षांनी विचारलं, "आणखी प्रश्न?"

मी म्हटलं, "नाही. माझे संपले."

परतताना एकाच सीटवर बसलो. दुसरी रिकामी नव्हती. ऐरोली आली. मग हे म्हणाले, "प्राची काकडी खात होती."

मी खिडकीबाहेर बघितलं. माफ केलेलं नाही. पण त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा माझा काढून घेतला नाही.

१८ ऑक्टोबर

गेटवरच अडवलं. निलंबन, चौकशी होईपर्यंत. साडेनऊला हे घरी परत. डबा तसाच. प्राचीने तो खाल्ला.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आकाशकंदील लावला — लावायचाच! कॉलनीतल्या कंपनीवाल्या बायकांनी फराळ पाठवला नाही. एकीने पाठवला, पण मागच्या दाराने, आणि वर कुजबुजली, "आमचंही झाकण बघायला सांगा ना भाऊजींना."

ह्यांनी जाऊन बघितलं. एप्रिलचंच होतं. वरच्या मजल्यावर आणखी दोन. हे दारोदार फिरले, झाकण हातात घ्यायचे, नंबर वाचायचे. काहींनी दार लावून घेतलं. तरी सात निघाली.

गादी आत आणली. मी आणली नाही. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.

२४ नोव्हेंबर

जिंकले!!

निष्काळजीपणाचा आरोप "निराधार". स्टाफ सेलचा माल असला तरी विकत घेणारी ग्राहकच. औषधपाण्याचा खर्च द्यावा. त्या लॉटची झाकणं बाजारातून परत घ्यावीत.

वकिलांनी बाहेर येऊन मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कायदा कुठे शिकलात?" म्हटलं, तुमच्या अकरा पानांतून.

किसनला सांगितलं. त्याने अर्ध्या मार्केटला सांगितलं. शेठनी चहा मागवला. मला मात्र तिथल्या खुर्चीतले हे दिसत होते, ग्लास पुढे असून न प्यालेले.

९ डिसेंबर

पेपरात पान सातवर, तळाला, छोटी चौकट — अमुक नंबरांची झाकणं जवळच्या दुकानात द्यावीत, मोफत बदलून मिळतील. कारण दिलेलं नाही. माझं नावही नाही. नसू दे!

दुपारच्या टपालाने ह्यांचं बडतर्फीचं पत्र. सोनेरी शिक्का. "कंपनीच्या हिताविरुद्ध वर्तन."

मला वाटलं, आता मला बोलतील. बोलायचा हक्क होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि प्राचीच्या दप्तरातून एक कोरी वही काढली.

"हं. सुरुवात कशी करतात तक्रारीची? सांग."