टिकलीचा प्रोसेसर: तीन कोटेशनं आणि एक तक्ता

३ फेब्रुवारी, शनिवार

टिकलीच्या निवडीची तारीख पक्की झाली. २४, शनिवार, सकाळी दहा. बातमी खुद्द टिकलीने फोनवर दिली आणि ताईने फोन हिसकावून घेऊन तिला दुजोरा दिला. भाचीच्या कॉलेजात गेमिंगची टीम निघते आहे. पाच जण घेणार. अट एकच: प्रत्येकाने स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन यायचं. टिकलीकडे कॉम्प्युटर नाही. म्हणजे तो घ्यायचा आहे. म्हणजे मी घ्यायचा आहे.

ताईचं म्हणणं, खरेदीतलं कळणारा घरात तू एकटा. खरंच आहे. खरेदी विभागात एकोणीस वर्षं झाली. या हातांनी पंखे घेतले, कपाटं घेतली, एकदा अडीचशे खुर्च्या घेतल्या. त्यातल्या चाळीस डुगडुगतात, पण दर कोणीही काढून बघावा.

टिकलीने सुट्टीत लहान मुलांना पोहायला शिकवून साठवलेले पैसे आणि ताईची भर, असं सगळं माझ्याकडे आलं. बजेट घट्ट. वेगळं ग्राफिक्स कार्ड त्यात बसत नाही. टिकली म्हणाली, मामा, म्हणून सगळी मदार प्रोसेसरवर आहे. सहा कोरवाला घ्यायचा, चित्र काढायची सोय त्याच्या पोटातच असलेला. तिने नावही कागदावर लिहून दिलं. तळघरातल्या दुकानात तो आहे, त्याला जुळणारा मदरबोर्ड तिथेच आहे, उद्या जाऊन आणू, तासाभराचं काम.

मला हसू आलं. तासाभरात झालेल्या खरेद्या मी पाहिल्या आहेत. सगळ्या चौकशीच्या फायलींत.

संकल्प: १० तारखेला कॉम्प्युटर चालू.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातपासून अभ्यास. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळं बसतं ती पाटी, हे लगेच कळलं. प्रोसेसर म्हणजे काय हे कळायला अकरा वाजले. कोर म्हणजे आतली माणसं. सहा कोर म्हणजे सहा जण काम करणार. आमच्या विभागातही सहा जण आहेत. ते आठवून आठ कोरवाल्याचा विचार सुरू केला आहे.

ही म्हणाली, पोरीने नाव लिहून दिलंय ना? मग ते आणा. हिला वाटतं खरेदी म्हणजे भाजी आणणं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर तीन दुकानं केली. तिघांकडे बंद लिफाफ्यात कोटेशन मागितलं. मागणीपत्र माझं, नेहमीच्या नमुन्यात: प्रोसेसर, सहा कोर, एक नग. मदरबोर्ड, एक नग. मेमरी, दोन नग. अशा आठ बाबी. प्रत्येकापुढे 'किंवा समकक्ष'. हे दोन शब्द नसले की दुकानदार आपल्याला खिशात घालतो.

पहिला काचवाला. सगळं दुकान काचेचं, आत गारठा. त्याचा पोरगेला सेल्समन म्हणाला, कुठला गेम खेळायचाय सर? म्हटलं, प्रश्न मी विचारीन. दुसरा माडीवाला, तो मोबाइलची कव्हरंही विकतो. तिसरा तळघरवाला. चष्मा कपाळावर, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. म्हणाला, कोटेशन कशाला, भाव समोर खडूने लिहिलाय. म्हटलं, लिफाफा पाहिजे. म्हणाला, लिफाफे शेजारच्या दुकानात मिळतात. मीच एक विकत आणून त्याला दिला. अशांकडून व्यवस्थेची काय अपेक्षा करणार.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन लिफाफे आले. माडीवाल्याचा नाही. तिन्ही आल्याशिवाय एकही उघडायचा नाही, हा नियम. लिफाफे कपाटात, साड्यांच्या खाली. हिची तक्रार.

टिकलीचा फोन. मामा, उघडून तर बघ. तिला नियम समजावला. ती म्हणाली, तुझे लिफाफे काय अंडी आहेत का, उबवत बसायला? हसण्यावारी नेलं. नवीन पिढी.

१० तारखेच्या संकल्पाला १४ पर्यंत मुदतवाढ. कारण: प्रशासकीय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

माडीवाल्याचं कोटेशन आलं, पण मोबाइलवर. ऑफिसात प्रिंट काढली, घरी आणून लिफाफ्यात घातली, लिफाफा डकवला. आता ते रीतसर आहे.

तिन्ही उघडायला बसलो तर काचवाल्याच्या लिफाफ्यावर लिहिलेली मुदत कालच संपलेली. त्याच्याकडे नव्याने मागितलं. सेल्समन म्हणाला, सर, आकडे तेच आहेत. म्हटलं, असू देत, तारीख नवी पाहिजे.

आठ कोरवाला बाद. बजेटबाहेर. शिवाय आमच्या साहेबांचा अनुभव असा, की माणसं वाढवली म्हणून काम वाढत नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज उघडणी. ताईच्या जेवणाच्या टेबलावर. साक्षीदार म्हणून दाजी. दाजींनी पेपर वाचत साक्ष दिली.

तुलनात्मक तक्ता केला. आठ बाबी, तीन दुकानं, पट्टीने रेघा. आणि तक्ता पुरा होताच डोळ्यांपुढे लख्ख प्रकाश पडला. एकही दुकान सगळ्यात स्वस्त नाही. प्रोसेसर काचवाल्याकडे स्वस्त. मदरबोर्ड माडीवाल्याकडे. बाकीचं तळघरवाल्याकडे. मग एकाकडून का घ्यायचं? बाबवार घ्यायचं. जिथे जी बाब स्वस्त, तिथून ती. अकराशे वाचले.

प्रोसेसर टिकलीने लिहून दिला होता तोच निघाला. बारा दिवसांच्या अभ्यासानंतर तिची निवड मी मान्य केली आहे. पोरीला नजर आहे.

दाजी पेपराआडून म्हणाले, सगळं एकाकडूनच घेतलं तर तो जोडूनपण देतो म्हणे. शेरा नोंदवून घेतला. दाजींचा स्वभाव खर्चिक.

टिकली क्लासला होती, म्हणून तक्ता तिला दाखवता आला नाही. तशी गरजही नव्हती.

१७ फेब्रुवारी, शनिवार

तिन्हीकडचा माल ताब्यात. ऑफिसचा 'माल तपासून मिळाला' हा शिक्का मुद्दाम घरी आणला होता. तिन्ही बिलांवर मारला, खाली सही केली, एकेक प्रत दुकानदाराला दिली. माडीवाल्याने शिक्का निरखून पाहिला आणि प्रत जपून ड्रॉवरमध्ये ठेवली. आदर दिसला.

टिकलीला खोक्यांचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. मामा, मी उद्या दुपारी येते, तोपर्यंत कशालाही हात लावू नकोस. आवाजात काळजी. पोर मला दगदग नको म्हणून जपते.

संकल्प: ती येण्याआधी जोडून तयार ठेवायचा. दारात तिचा चेहरा बघण्यासारखा असेल.

१८ फेब्रुवारी, रविवार

८.१० जोडणीला आरंभ. मोबाइलवर व्हिडिओ लावला आहे. त्यातला माणूस म्हणतो वीस मिनिटं लागतात.

८.५५ कॅबिनेटचं एक दार उघडलं. चुकीचं निघालं. दुसरं उघडतो आहे.

१०.१५ प्रोसेसर. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा, आणि खाली केसासारखे हजारभर पाय. व्हिडिओतला माणूस म्हणतो, तो आपल्या वजनानेच खाली बसतो, जोर लावायचा नाही. आमचा बसत नाही. मदरबोर्डवरच्या त्याच्या जागेतही तसेच बारीक पाय, वर तोंड करून उभे. पायांवर पाय. नवा माल घट्ट असतोच.

१०.२० अंगठ्याने हलकेच दाबला.

१०.२२ तितकं हलकेच नाही.

१०.२३ आवाज आला. बारीकसा.

१०.२४ चहा.

१२.३० टिकली आली. तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढला, भिंगासारखा धरला आणि प्रोसेसर पालथा करून बघत राहिली. मग म्हणाली, मामा, हा एका कंपनीचा आणि ती पाटी दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी. हे दोघं आयुष्यात जुळणार नाहीत.

मी तिला तक्ता दाखवला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, यात 'एकमेकांना जुळतं का' हा रकाना कुठे आहे?

तसा रकाना नाही. एकोणीस वर्षांत कधी लागला नाही. खुर्ची पंख्याला जुळावी लागत नाही.

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. ही तिच्यामागे गेली. मला चहा कोणी विचारला नाही. तसा एक झाला होता.

२० फेब्रुवारी, मंगळवार

माल परत करायला गेलो. माडीवाल्याने ड्रॉवर उघडला आणि माझीच प्रत पुढे ठेवली. माल तपासून मिळाला. खाली माझी सही. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. क्षणभर बरंही वाटलं की आपली पद्धत इतकी पक्की आहे.

काचवाल्याचा सेल्समन म्हणाला, सर, हे कोणीतरी दाबलंय. म्हटलं, वाहतुकीत होतं. तो म्हणाला, वाहतुकीला अंगठा नसतो सर.

२१ फेब्रुवारी, बुधवार

टिकली एकटीच तळघरवाल्याकडे जाऊन आली. मला कळलं ताईकडून. तळघरवाल्याने प्रोसेसर पाहिला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि शिसं संपलेली पेनपेन्सिल काढली. तिच्या पोकळ टोकात एकेक वाकडा पाय धरायचा आणि सरळ करायचा. एकेचाळीस पाय वाकलेत. म्हणाला, एक जरी तुटला तरी गेला, खात्री देत नाही, घाई करू नका. माझा मदरबोर्ड तो अर्ध्या किमतीत घेईल. त्याच्याकडचा जुळणारा संपला आहे, नवा रविवारी येईल.

निवड शनिवारी आहे.

कॉलेजच्या सरांना अर्ज लिहिला: अपरिहार्य कारणास्तव निवड एक आठवडा पुढे ढकलावी. चांगला झाला होता, दीड पान. टिकलीने वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या दप्तरात ठेवला. म्हणाली, मी देते. दिलेला दिसत नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

टिकली उद्या दाजींचा ऑफिसचा लॅपटॉप नेणार. दाजी त्यावर पत्रं टाइप करतात. मी म्हटलं, त्याचा प्रोसेसर दोन कोरचा आहे. अभ्यास वाया गेला नाही, पटकन सांगता आलं. ती म्हणाली, माहीत आहे मामा. तू येतोस का सोबत? चार्जर धरायला कोणीतरी पाहिजे, बॅटरी टिकत नाही.

मला बोलावलं. म्हणजे राग नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी ३. तेवीस मुलं. बाकीच्यांच्या पेट्यांत निळे-जांभळे दिवे. टिकलीच्या लॅपटॉपवर दाजींच्या ऑफिसचा स्टिकर. शेजारचा मुलगा म्हणाला, तू काय पगारपत्रक करणार आहेस का? टिकली म्हणाली, हो, तुझंच.

मी तिच्या पायाशी चार्जरचा सैल प्लग दाबून बसलो होतो. हलला की बंद. तिथून पडदा दिसत होता. लग्नाचा अल्बम कोणीतरी सावकाश उलटावा तसा गेम चालला होता. समोरचा माणूस दिसेपर्यंत तो गोळी घालून मोकळा झालेला. पहिल्या डावात टिकली तीनदा मेली. मग तिने बघणं जवळजवळ सोडलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून घेतले, पावलांचे आवाज ऐकले आणि चित्र यायच्या आधीच गोळ्या घालायला लागली. मी गेमिंगमधला नाही. पण माझ्या मागे पोरं गोळा झाली होती आणि कोणी हसत नव्हतं.

सातवी आली. पाच घेतले. सहावा आणि सातवा राखीव. राखीव मुलांनी सोमवारी चारला सरावाला यायचं, स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन. नसेल तर आठव्याला बोलावणार, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. सरांना परिस्थिती समजावून द्यावी म्हणून मी उठलो. टिकलीने माझी बाही ओढली. मामा, गप. प्लग सोडलास तू.

लॅपटॉप बंद पडला होता.

बसमध्ये हिशेब केला: धड कॉम्प्युटर असता, ३ तारखेला सांगितला तेव्हाच आणला असता, तर कितवी आली असती. आकडा काढला. इथे लिहीत नाही.

सायंकाळी ६. तळघरवाल्याचा फोन. टिकलीला, मला नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस पाय सरळ झाले. त्याने प्रोसेसर दुकानातल्या जुन्या पाटीवर लावून पाहिला, पडद्यावर चित्र आलं. नवा मदरबोर्ड उद्या सकाळच्या गाडीने येतो. तो स्वतः जोडून देईल. तासाभराचं काम.

विचारलं, निदान त्याच्याकडून लेखी काही घ्यावं का. ताई म्हणाली, तू आता काही घेऊ नकोस.

उद्या अकराला निघायचं. टिकली बोलणार, ताई पैसे देणार. येताना मी मागच्या सीटवर बसून कॅबिनेट मांडीवर धरणार. दोन्ही हातांनी, आणि कुठेही न दाबता. टिकलीने हे दोनदा सांगितलं.